‘लक्षच नाही की वो ह्याचं!’ : कॉक्लिअर इम्प्लांट, लक्ष आणि वर्किंग मेमरी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात वाचा-श्रवण उपचारांचं काम करते. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ज्यांना श्रवणयंत्रानेही भागत नाही त्यांच्या आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेली इलेक्ट्रोडची तार; बाहेर लावायचं मशीन, म्हणजे प्रोसेसर, आवाज टिपून तिच्याकडे पाठवतं. इम्प्लांट झालेल्या मुलांचे आईवडील येतात, कधी आजी येते, कधी शाळेतल्या बाई वेळ काढून येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न वेगळा असला तरी तिसरा-चौथा हमखास लक्षाबद्दलचा असतो. तेच तेच कागदाच्या पाठीवर लिहून देण्यापेक्षा एकदा सगळं इथे लिहून ठेवते.

मशीन बसवलं, मॅपिंग (मुलाप्रमाणे मशीनची जुळवणी) झालं, ऐकू येतं म्हणता. मग हाक मारली तरी हा बघत का नाही?

आवाज कानात पोचणं आणि त्याचा अर्थ डोक्यात उमटणं ही दोन वेगळी कामं आहेत. इम्प्लांट पहिलं काम करतं, दुसरं मेंदूला करावं लागतं, आणि तेही कच्च्या मालावर.

कच्चा माल कसा, तर निरोगी कानाच्या शंखात (आतल्या कानातल्या गोगलगायीसारख्या नळीत) आवाज टिपून मज्जातंतूकडे देणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात. इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड असतात १२ ते २२, कंपनीप्रमाणे. शंखात द्रव असल्यामुळे शेजारच्या इलेक्ट्रोडचा विद्युतप्रवाह एकमेकांत मिसळतो, म्हणून बोलणं समजायला प्रत्यक्षात उपयोगी पडणाऱ्या वेगवेगळ्या वाटा आठाच्या आसपासच राहतात. जकार्डवर विणलेल्या चादरीतला मोर बारीक दोऱ्यांऐवजी आठ जाड दोऱ्यांनी विणला, तर मोर आहे हे कळेल, पण डोळा शोधावा लागेल. तुमचं मूल दिवसभर तो डोळा शोधत असतं.

त्यातून खेळात गुंग असलेलं मूल हाकेला ओ देत नाही, हे ऐकणाऱ्या मुलांच्या घरीही रोजचंच असतं. इम्प्लांटवाल्या मुलाचं तेवढं वहीत मांडलं जातं.

वर्किंग मेमरी म्हणजे स्मरणशक्तीच ना?

नाही. पाढे पाठ असणं ही साठवणीची स्मृती. वर्किंग मेमरी म्हणजे आत्ता, या क्षणी, काम होईपर्यंत हातात धरून ठेवलेली माहिती. किराणावाल्याने तीन जिनसांचे भाव सांगितले आणि तुम्ही मनातल्या मनात बेरीज केली, ते काम तिथे झालं. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिचा आराखडा मांडला. शब्द मनात घोळवत ठेवणारा एक भाग, चित्र आणि जागा धरून ठेवणारा दुसरा, आणि कुठे लक्ष द्यायचं ते ठरवणारा त्यांच्यावरचा मुकादम. बॅडलींनी २००० मध्ये आणखी एक भाग जोडला, पण आपल्या कामाला हे तीन पुरतात.

इम्प्लांटमुळे ती वाढते की कमी होते?

प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतं. वर्किंग मेमरीची एकूण जागा सगळ्यांचीच तोकडी असते. तीन-चार गोष्टी मावल्या तरी पुष्कळ. ज्याला स्वच्छ ऐकू येतं त्याची ती जागा अर्थ लावायला मोकळी राहते. इम्प्लांटवरून ऐकणाऱ्याची बरीच जागा ‘हा शब्द कोणता होता?’ यातच खर्च होते. पहिला शब्द सोडवेपर्यंत पुढचे दोन येऊन पडतात. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातले येरकर रॉनबर्ग वर्षानुवर्षं हेच मांडत आले आहेत: ऐकलेला आवाज आणि डोक्यात साठवलेला शब्द जुळला तर समजणं आपोआप होतं, जुळला नाही तर वर्किंग मेमरीला मध्ये पडून हाताने काम करावं लागतं. इम्प्लांटवाल्यांना ते दिवसातून शेकडो वेळा करावं लागतं.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डेव्हिड पिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्प्लांट झालेल्या मुलांना आकडे ऐकवून तसेच परत म्हणायला सांगितले. सरासरीने ही मुलं ऐकणाऱ्या मुलांपेक्षा कमी आकडे धरू शकली. एक धागा असा हाती आला की शब्द मनात घोळवण्याचा वेग त्यांच्यात कमी असतो. एक फेरी व्हायला वेळ जास्त, म्हणून फेरी पुरी होईतो आधीचा आकडा विरून जातो. सरासरी हा शब्द मात्र अधोरेखित करून घ्या. त्याच गटांत ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने आकडे म्हणणारी मुलंही असतात.

आकड्यांच्या चाचणीत आमच्या मुलीला कमी मार्क पडले. ती बुद्धीने कमी आहे का?

नाही.

आता थोडं मराठीबद्दल. चार, पाच, सात, आठ. चौघांच्याही पोटात ‘आ’ आहे. ‘दोन’ आणि ‘तीन’ दोन्ही ‘न’वर संपतात. इम्प्लांटवरून स्वर बऱ्यापैकी कळतो, पण त आणि ठ, ट आणि ठ यांतला बारीक फरक निसटतो. म्हणजे ‘सात, आठ, पाच, चार’ ही ओळ आपल्याला चार आकडे वाटते, तिला एकाच रंगाच्या चार बांगड्या. अशा वेळी चाचणीने आठवण मोजली की कान, हे तपासणाऱ्याने आधी ठरवावं. मी एक-एक आकडा सुटा म्हणून घेते; तो नीट ओळखता आला तरच ओळ देते. शिवाय ठोकळ्यांवर बोट टेकवत जायचं आणि मुलाने तोच क्रम दाखवायचा, अशी डोळ्यांची चाचणी सोबत घेते. दोन्हींत मोठी तफावत असेल तर गोष्ट बुद्धीची नाही.

इंग्रजीतले हे अभ्यास मराठीला लागू पडतात का?

गाभा पडतो. पण मराठीचे स्वतःचे काही चिमटे आहेत आणि ते घरात रोज बसतात, म्हणून इथे जरा थांबते.

आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. ‘उद्या बाबा तुला सायकल आणणार नाहीत.’ शेवटापर्यंत सगळं वाक्य धरून ठेवायचं, आणि ज्या शब्दाने अर्थ उलटा होतो तोच आपण सर्वांत हळू, श्वास संपता संपता म्हणतो. मग दुसऱ्या दिवशी सायकल आली नाही म्हणून मूल रडतं आणि घरचे म्हणतात, काल सांगितलं होतं की!

दुसरा चिमटा ‘-ऊन’चा. ‘हातपाय धुऊन, डबा घासायला टाकून, कपडे बदलून मग खेळायला जा.’ एका दमात चार कामं. माझ्याकडे येणारा सात वर्षांचा एक मुलगा हे ऐकून सरळ चप्पल घालून पळाला. आई म्हणाली, बघा, सोयीचं तेवढं ऐकतो. तो लबाडी करत नव्हता. ओळीतलं शेवटचं तेवढं त्याच्या हातात उरलं होतं. तेच वाक्य तोडून सांगितलं, ‘आधी हातपाय धू’, आणि ते झाल्यावर ‘आता डबा’, तर त्याने चारही केली. चौथं तर फारच मन लावून.

तिसरं म्हणजे प्रत्यय. ने, ला, चा, त. ‘रामूने मनूला मारलं’ आणि ‘रामूला मनूने मारलं’ यांत कोण रडतंय, ते एवढ्याशा अक्षरांवर ठरतं, आणि त्या अक्षरांवर आपण जोर देत नाही. थेरपीत जोर द्या. घरी मात्र सतत तसं बोलू नका, कारण जगात तसं कुणी बोलत नाही.

शाळेतून आला की मशीन काढून फेकतो, चिडचिड करतो. नाटक करतो का?

दमलेला असतो. ऐकण्याचे कष्ट मोजता येतात. अवघड आवाज ऐकताना डोळ्याची बाहुली विस्फारते, त्यावरून डोकं किती राबतंय ते संशोधक ताडतात. आवाज जितका धूसर तितकी बाहुली मोठी, उत्तर बरोबर आलं तरीसुद्धा. हे ‘तरीसुद्धा’ महत्त्वाचं आहे. प्रगतिपुस्तकावर दिसतं ते उत्तर, त्याची किंमत दिसत नाही. शाळेतून आल्यावर अर्धा तास शांत बसू द्या. मशीन शक्यतो अंगावरच राहू दे, पण टीव्ही बंद, प्रश्नांची सरबत्ती बंद. ‘आज काय शिकवलं?’ हे चहाबरोबर विचारा.

शिक्षक म्हणतात एडीएचडी असेल. खरं आहे का?

असू शकतं. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि उतावीळपणा यांचा विकार. बहिरेपण असलेल्या मुलाला एडीएचडी होत नाही असा नियम नाही. पण त्या नावाआधी तीन गोष्टी तपासा, आणि पहिली मशीन. इथे माझीच एक चूक सांगते.

अशोक चौकाच्या बाजूची, यंत्रमाग असलेल्या घरातली एक मुलगी माझ्याकडे यायची. चांगली चालली होती आणि अचानक लक्ष उडालं. तीन-चार आठवडे मी तिच्या आईला सांगत राहिले की घरी सराव होत नाहीये. आई गप्प ऐकून घ्यायची. एके दिवशी मशीन हातात घेऊन उजेडात धरलं तर मायक्रोफोनच्या जाळीवर टॉवेलचा तूस बसलेला, नमद्यासारखा दाबून. घरात माग, हवेत तूस, आणि जाळी बदलायची असते हे सांगायचं मीच विसरले होते. जाळी बदलली आणि त्याच बैठकीत पोरगी ताळ्यावर आली. आईची माफी मागितली. तेव्हापासून ‘लक्ष नाही’ हे वाक्य कानावर पडलं की आधी जाळी बघते.

रोज सकाळची तपासणी दोन मिनिटांची आहे. तोंडापुढे कागद धरून सहा आवाज काढा: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनिएल लिंग यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा पल्ला त्यात येतो. मुलाने ऐकून तसाच आवाज काढायचा. काल ‘स’ येत होता आणि आज नाही, तर बॅटरी, जाळी, कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती) बघा, नाहीतर मॅपिंगला जा. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामही शत्रूच. रात्री मशीन कोरडं करणाऱ्या डबीत ठेवाच.

दुसरी गोष्ट, शांत खोलीत आणि गोंगाटात फरक पडतो का ते पाहा. शांततेत टिकून बसणारं मूल वर्गात भरकटत असेल तर आधी वर्गाकडे बोट दाखवा. तिसरी, ज्यात ऐकायचं काहीच नाही असं काम: कोडी, ठोकळे, चित्र. तिथेही लक्ष ठरत नसेल, उतावीळपणा असेल, आणि हे घरी-शाळेत दोन्हीकडे दिसत असेल, तर बहिऱ्या मुलांचा अनुभव असलेल्या मानसतज्ज्ञाकडे जा. विल्यम क्रोननबर्गर आणि पिसोनी यांच्या कामात असं दिसतं की वर्किंग मेमरी, लक्ष टिकवणं, आखणी करणं यांत अडचण येण्याचा धोका इम्प्लांटवाल्या मुलांत ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. धोका जास्त म्हणजे प्रत्येकाला, असं नव्हे.

लवकर बसवलं तर लक्ष आणि स्मृती सुधारते का?

लवकर बसवण्याचा फायदा पक्का आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या अनू शर्मा यांनी मुलांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदूचा पहिला मोठा प्रतिसाद किती वेळात येतो ते मोजलं. वयाच्या साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत तो काही महिन्यांतच वयाला साजेसा झाला. वयाच्या सात वर्षांनंतर झालेल्यांत बहुतेकांचा उशिराच राहिला. कारण ऐकण्याची जागा मेंदू रिकामी ठेवत नाही. स्पर्श आणि दृष्टी शेजारून येऊन ती वापरू लागतात, आणि नंतर आवाज आला तर त्याला भाडेकरू उठवत बसावं लागतं.

लक्षाचं चित्र इतकं सरळ नाही. १९९४ मध्ये अलेक्झांड्रा क्विटनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पडद्यावरचे आकडे बघत राहायच्या, म्हणजे निव्वळ डोळ्यांच्या कामातही इम्प्लांट असलेली बहिरी मुलं इम्प्लांट नसलेल्यांपेक्षा पुढे जातात. त्यावरून म्हटलं गेलं, आवाज लक्षाला शिस्त लावतो. ऐकणाऱ्या मुलाला पाठीमागचं जग कान सांगतो, म्हणून डोळा एका जागी ठरू शकतो. बहिऱ्या मुलाला राखणही डोळ्यांनीच करावी लागते. मला हे दारात बसलेल्या राखणदारासारखं वाटतं. तो पेपर वाचेल, पण मन लावून नाही.

नंतर दुसरी बाजू आली. मॅथ्यू हॉल आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून खुणांची भाषा बोलणाऱ्या बहिऱ्या आईवडिलांची बहिरी मुलं पाहिली. त्यांना आवाज मिळाला नव्हता, पण भाषा पहिल्या दिवसापासून मिळाली होती. लक्ष आणि स्वतःला आवर घालण्याच्या बाबतीत त्यांच्यात तशी तूट दिसली नाही. मग दोष आवाज नसण्याचा की भाषा उशिरा मिळण्याचा? वाद अजून चालू आहे. इतकी वर्षं मुलांसमोर बसून माझा कौल भाषेकडे झुकतो.

मग खुणांची भाषा शिकवली तर बोलायचं सोडून देईल का?

शिकवल्यामुळे बोलणं मरतं, असं मी पाहिलेलं नाही. बोलण्याचा सराव कमी केला तर मरतं, हे पाहिलं आहे. तज्ज्ञांत इथे सरळ दोन तट आहेत आणि दोन्हींकडे अभ्यास आहेत. शस्त्रक्रियेची वाट बघत दोन वर्षं बिनभाषेची घालवू नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगते. आणि आंघोळीच्या वेळी, झोपताना, बॅटरी संपल्यावर मूल बहिरंच असतं. तेव्हा बोलणार कसं?

आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. एकच भाषा ठेवायची का?

सोलापुरात हा प्रश्न येणारच. जी भाषा तुम्हाला स्वप्नात येते ती बोला. आजीने मोडक्यातोडक्या मराठीत चार शब्द बोलण्यापेक्षा भरभरून तेलुगूत गोष्ट सांगितलेली बरी. मेंदूला सराव भरपूर, सलग बोलण्यातून मिळतो. दोन भाषांनी इम्प्लांटवाल्या मुलाच्या डोक्यावर ओझं होतं, या समजुतीला आधार नाही. थेरपी एका भाषेत पक्की करा, दुसरी घरात वाहती ठेवा.

स्मरणशक्ती वाढवायचं ॲप घेऊ का?

पैसे वाचवा. क्रोननबर्गर यांनी २०११ मध्ये इम्प्लांटवाल्या मुलांवर संगणकावरच्या वर्किंग मेमरी सरावाचा एक छोटा प्रयोग केला. सुधारणा दिसली, पण सहा महिन्यांत बरीचशी ओसरली. ऐकलेलं वाक्य परत म्हणण्यातली तेवढी टिकली. एकूणच अशा खेळांत माणूस त्या खेळात तरबेज होतो, वर्गात त्याचा उपयोग फार उतरत नाही. त्यापेक्षा रात्री गोष्ट वाचा, मध्येच थांबा, ‘मग काय झालं?’ विचारा. भाजीला जाताना तीन जिनसांची यादी त्याच्या डोक्यात द्या, मग चार.

शाळेत काय सांगू?

एका पालकाने सांगितलं होतं, शाळेने मुलाला मागच्या बाकावर, रस्त्याच्या खिडकीशी बसवलं. कारण काय, तर बाकीच्यांना मशीन बघून हसू येतं. मी तिथे जाऊन आले. पत्र्याचं छप्पर, उघडी फरशी, बाहेर ट्रक. मला स्वतःला अर्धं ऐकू येत नव्हतं.

पुढचा दुसरा बाक मागा, खिडकीपासून लांब, बाईंचा चेहरा उजेडात दिसेल असा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने पडतो, आणि गोंगाट तेवढाच राहतो. बाईंच्या गळ्यातला माइक थेट प्रोसेसरला जोडता येतो. जमत असेल तर घ्या, यंत्रावरच्या खर्चात याच्याइतकं फळ क्वचित मिळतं. भिंतीला जुन्या जाड चादरी, सतरंज्या लावल्या तर घुमणं थोडं कमी होतं, आणि चादरींची आपल्याकडे वानवा नाही. सूचना फळ्यावर लिहा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. बस.

आजोबा गिरणीतून निवृत्त, दोन्ही कान गेले. या वयात इम्प्लांटचा मेंदूला उपयोग?

होऊ शकतो. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि त्या पिढीने कानात बोळे कधी घातले नाहीत. श्रवणयंत्राने भागत नसेल तर इम्प्लांटचा विचार करावा. फ्रान्समध्ये ६५ ते ८५ वयाच्या ९४ जणांना इम्प्लांटआधी आणि नंतर तपासलं. आधी ज्यांचे लक्ष-स्मृतीचे गुण कमी होते त्यांतल्या बहुतेकांचे वर्षभरात सुधारले. २०१५चा हा अभ्यास. तुलनेला इम्प्लांट न केलेला गट त्यात नव्हता, म्हणून ‘विसरभोळेपणावर इलाज’ असं कुणी विकत असेल तर उठून या. पण ऐकू न येणं हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा एक धोका मानला जातो, हेही खरं. एरवीही, चार माणसांत बसून हसण्याची वेळ चुकू नये, एवढं कारण मला पुरतं.

शस्त्रक्रियेत मेंदूला हात लागतो का?

नाही. तार कानाच्या शंखात जाते, मेंदूत नाही. मेनिंजायटिसची लस मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा घ्याच.

खर्चाचं?

केंद्राच्या एडिप (अपंगांना साधनं मिळवून देणाऱ्या) योजनेत जन्मजात बहिऱ्या मुलांना वयाच्या पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. त्याचं काम मुंबईतली अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था बघते. अंगणवाडी-शाळांत येणाऱ्या बालस्वास्थ्य तपासणी पथकाकडेही विचारा. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, कागद जमवण्याआधी खात्री करा. आणि मशीन मिळालं म्हणजे संपलं नाही. थेरपी, केबल, बॅटरी हा खर्च वर्षानुवर्षांचा आहे. हे आधी कुणी सांगत नाही.

गड्ड्याला मशीन घालून नेऊ का?

न्या. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी आमची सिद्धेश्वराची जत्रा. तिथल्या होम मैदानावरचा गोंगाट मशीन स्वतःच काही प्रमाणात दाबतं, कान बिघडणार नाही. बोललेलं मात्र काही कळणार नाही, म्हणून जाण्याआधीच घरी ठरवा: पाळणा, मग भेळ, मग घर. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) जवळ आले की खांद्यावर घ्या आणि बोटाने दाखवा, तिथे कान नाही तर डोळे कामाला येतात. तासाभराने तळ्याच्या कडेला दहा मिनिटं शांत बसवा. आणि कॉइल निसटून गर्दीत पडली तर सापडत नाही. दोरीची क्लिप सदऱ्याच्या कॉलरला, मागच्या बाजूने, घट्ट लावून घ्या.